यंत्राची चाल बिघडली की खोडवा बिघडतो



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गट ऑफिसात दोन तऱ्हेचे सभासद येतात. पहिले म्हणतात, "साहेब, आमच्या फडात मशीन कधी घालताय?" दुसरे म्हणतात, "मशीन येऊन गेलं, आता बुडखे बघायला चला." पहिल्यांची गर्दी मोठी असते, त्यामुळे दुसऱ्यांचे गाऱ्हाणे ऐकून घ्यायला वेळ पुरत नाही. पण कारखान्याचे पुढच्या वर्षीचे गळीत या दुसऱ्यांच्या गाऱ्हाण्यात दडलेले आहे, असे आमचे मत होत चालले आहे. म्हणून या अंकात त्यांच्याविषयी, म्हणजे खरे तर यंत्राच्या चालीविषयी, चार गोष्टी लिहीत आहोत.

यंत्राने तोड करावी की करू नये, हा वाद आता राहिलेला नाही. कोयते वर्षागणिक कमी होत आहेत, मुकादमाकडे उचल अडकते, आणि टोळी येईलच याची खात्री कोणी देत नाही. मजुरांची पोरे शिकून दुसऱ्या धंद्याला लागली तर त्यात वाईट वाटण्याचे कारणही नाही. २०२३ साली राज्य सरकारने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून तोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देऊ केले. तेव्हापासून आपल्यापैकी काही सभासदांनीही कर्ज काढून यंत्रे घेतली आहेत. यंत्र कोटीच्या घरातले. हप्ता थांबत नाही, म्हणून मालक यंत्र थांबवत नाही. इथवर सगळे रास्त आहे.

अडचण सुरू होते ती यंत्र सरळ एका चालीने न जाता गचके देत जाऊ लागले म्हणजे. ऑपरेटर म्हणतो, "मशीन ओढ घेत नाही," किंवा "मध्येच पळतंय, मध्येच बसतंय." मालक म्हणतो, "हंगाम संपला की बघू." आणि ज्याचा ऊस आहे तो सभासद बांधावर उभा राहून विचार करतो, की मशीन त्यांचे, बिघाड त्यांचा, आपला ऊस गेला म्हणजे झाले. या तिसऱ्या विचाराशी आमचे भांडण आहे. चालीतला चढउतार यंत्रमालकाच्या खिशापेक्षा ऊसवाल्याच्या बुडख्याला अगोदर लागतो.

कसा ते हिशेबाने पाहू. समजा यंत्र ताशी ३.६ किलोमीटरने चालले आहे, म्हणजे सेकंदाला बरोबर १ मीटर. खालची बेस कटरची तबकडी मिनिटाला ६०० फेरे घेते असे धरा, म्हणजे सेकंदाला १०. तबकडीला ५ पाती असली तर सेकंदाला ५० वेळा पाते समोरून जाते. म्हणजे एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत यंत्र २ सेंटिमीटर पुढे सरकते. ही कापणी झाली. आता त्याच यंत्राने गचका देऊन सेकंदाला २ मीटरची उडी घेतली, तर हेच अंतर ४ सेंटिमीटर होते. बेस कटरचा वेग मात्र वाढत नाही, कारण त्याला तेल देणारा पंप निराळा असतो. पाते येण्याच्या आधीच तबकडीची कड उसाला ढकलते. ऊस कापला न जाता मोडतो, बुडखा उभा चिरतो, आणि जमीन भुसभुशीत असेल तर अख्खे बेट मुळासकट हलते. चिरलेल्या बुडख्यात बुरशी शिरायला वेळ लागत नाही. उलट यंत्र मध्येच बसले तर तेच पाते त्याच जागी फिरत राहते, बुडखा कुरतडला जातो आणि कांड्यांचा भुगा होतो. दोन्हीकडून मार खोडव्याला. पुढे महिन्या-दीड महिन्याने नांग्या भरण्याची मजुरी कोण देतो, हे आम्ही सांगायला नको.

दुसरा मार पाचटाचा. ५ फुटांची सरी आणि एकरी ४० टनाचा ऊस धरला तर एका मीटरला साधारण १५ किलो माल यंत्राच्या तोंडात जातो. सेकंदाला १ मीटर चालीला १५ किलो. चाल दीडपट झाली की साडेबावीस किलो. पाचट उडवणारा पंखा मात्र ठरल्या वेगानेच फिरत असतो. १५ किलोतले पाचट त्याला उचलते, एकदम साडेबावीस किलो आले की ते गठ्ठ्याने तसेच ट्रॉलीत पडते. पुढच्या क्षणी यंत्र बसले की माल विरळ होतो, आणि तोच पंखा पाचटाबरोबर चांगल्या कांड्याही रानात फेकतो. ट्रॉलीत पाचट आणि रानात ऊस, असा उलटा व्यवहार. वजनकाट्यावर वजावटीवरून भांडणारा सभासद फडात पंख्यामागे पडलेल्या कांड्या मोजायला जात नाही, हे आम्ही वारंवार पाहतो.

आता चाल बिघडते कशाने? त्यासाठी यंत्र चालते कसे ते थोडे समजून घ्यावे लागेल. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला क्लच आणि गिअर असतात. तोडणी यंत्राच्या चाकांना बहुधा तसे नसते. तिथे इंजिन एक पंप फिरवते, पंप तेलाला दाबाने पाईपातून पाठवतो, चाकाशी बसवलेली मोटर त्या तेलाने फिरते, आणि तेल परत पंपाकडे येते. याला हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह म्हणतात. पंपाच्या पोटात एक कलती तबकडी असते, मिस्त्री लोक तिला स्वॉश प्लेट म्हणतात. लिव्हर पुढे सारला की तबकडी कलते आणि तेल जास्त जाते. सरळ केला की तेल थांबते आणि यंत्र उभे राहते. मागे ओढला की तेल उलटे वाहते आणि यंत्र मागे येते. इंजिनाचे फेरे तेच ठेवून चाल हवी तितकी बारीक करता येते, ही या रचनेची मोठी सोय. भात कापणीच्या काही यंत्रांनाही हीच रचना असते, आणि परदेशात घरापुढची हिरवळ कापायला जे छोटे बाग-ट्रॅक्टर असतात त्यांतल्या बऱ्याच जणांनाही.

तेल फिरताना थोडे थोडे आतल्या आत गळत असते, ते गळायलाच हवे, कारण त्यानेच आतल्या भागांना वंगण मिळते. जेवढे गळते तेवढे भरून काढायला एक लहान पंप सोबत असतो, त्याला चार्ज पंप म्हणतात. मोठा पंप शेकडो बारचा दाब करतो, चार्ज पंपाचा दाब वीस-पंचवीस बारच्या आसपासचा. पण हा धाकटा उपाशी राहिला की थोरल्याचे काही चालत नाही. आणि धाकटा उपाशी राहण्याची कारणे बहुतेक वेळा पंपाच्या बाहेरची असतात. हाच या लेखाचा मुद्दा आहे.

आमच्या पाहण्यात असे आले आहे, की चाल बिघडली म्हटले की पहिला संशय मोठ्या पंपावर घेतला जातो. शहरातून मिस्त्री येतो, फडातच पाचटावर पंप उघडतो, आणि "पंप गेला" असे सांगतो. गेल्या काही हंगामांत एका यंत्राचा असाच पंप बदलला गेला, लाखांचे बिल झाले, आणि यंत्र चौथ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखे गचके देऊ लागले. शेवटी सापडले काय, तर टाकीकडून येणाऱ्या जाड पाईपाची पट्टी सैल होती आणि तिथून हवा आत ओढली जात होती. तेल गळत नव्हते म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही. ओढीच्या बाजूचा पाईप हा विहिरीवरच्या पंपाच्या सक्शनसारखा असतो. त्यातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. मोटारीच्या सक्शनला फट पडली की पाणी तोडतोड येते, हे ज्याला ठाऊक आहे त्या शेतकऱ्याला हा बिघाड मिस्त्रीपेक्षा लवकर कळायला हवा.

तेव्हा पान्हा हातात घेण्यापूर्वी बघावे आणि विचारावे. पहिला प्रश्न: यंत्र बसते तेव्हा इंजिनाचे फेरेही पडतात का? पडत असतील तर हायड्रॉलिकला हात लावू नका. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि डिझेलमधले पाणी पाहा. पाचटाच्या धुळीत एअर फिल्टर किती लवकर भरतो याचा अंदाज बसून चालवणाऱ्याला येत नाही. काही नव्या यंत्रांत इंजिनावर ताण आला की त्यातला कॉम्प्युटर आपणहून चाल कमी करतो. दाट, लोळलेल्या उसात असे झाले तर तो बिघाड नव्हे, यंत्राचे शहाणपण समजावे.

दुसरा प्रश्न: चाक मंदावते की यंत्र मंदावते? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बांधावर उभे राहून चाकाकडे नीट पाहा. चाक एका लयीत फिरते आहे आणि यंत्र मात्र पुढे सरकत नाही, तर चाक घसरते आहे, आणि तो दोष यंत्राचा नसून ओल्या रानाचा आहे. इथे आम्हांला सभासदांनाही ऐकवावे लागेल. काळ्या रानात तोडीआधी १५ ते २० दिवस पाणी तोडा म्हणून आम्ही सांगतो, आणि वजन मारायला म्हणून आठ दिवस आधी पाणी देणारे सभासद आम्हांला माहीत आहेत. ठिबकच्या नळ्या गुंडाळलेल्या नसतात, बांधाकडेला यंत्र वळायला जागा नसते, सरी साडेतीन फुटांची असते. अशा रानात कोणतेही यंत्र गचकेच देणार. चाकच मंदावत असेल, तर मात्र पुढे जावे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा: सकाळी गारव्यात चाल कशी आणि दुपारी कशी? याची परीक्षा कोणाही सभासदाला करता येते. फडाच्या कडेला सपाट, कोरड्या जागेवर २० मीटर मोजून दोन खुणा करा. इंजिनाचे फेरे पुस्तकात सांगितले तेवढे, लिव्हर ठरल्या खुणेला, आणि मोबाइलमधले घड्याळ लावा. सकाळी कामाला लागण्यापूर्वी एकदा, आणि दोन-तीन तास तोड झाल्यावर पुन्हा एकदा. सकाळी २० सेकंद लागले आणि दुपारीही २० लागले, तर तेलाचा दोष शोधत बसू नका. लिव्हरच्या सांध्याकडे आणि तारांकडे पाहा. सकाळी २० आणि दुपारी २६ लागले, तर तेल तापून पातळ होत आहे आणि आतली गळती वाढली आहे. सकाळपासूनच कधी १८, कधी २५ असे येत असेल आणि पंप गुरगुरत असेल, तर हवा शिरते आहे किंवा तेल कमी आहे. दोन आकडे कागदावर लिहून मिस्त्रीच्या हातात दिले की त्याचाही निम्मा वेळ वाचतो, आणि त्याला "पंप गेला" म्हणायलाही जरा विचार करावा लागतो.

तापलेल्या तेलाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे बहुतेक तक्रारी दुपारच्या असतात. ऑइलच्या डब्यावर ४६ किंवा ६८ असा आकडा असतो. तो ४० अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट आहे त्याचा. ४६ नंबरचे तेल ८० अंशाला तापले की त्याचा घट्टपणा साधारण चौथाईवर येतो. तेल इतके पातळ झाल्यावर ज्या फटीतून थेंब जायचा तिथून धार जाते, चार्ज पंप पुरा पडत नाही, आणि यंत्र बसते. ८० अंशांच्या वर तेल रोज राहू लागले की सीलही कडक होतात आणि तेलही जळते. मग दोष कोणाचा? तेल गार करणाऱ्या कूलरचा, आणि त्याच्या जाळीवर साचलेल्या पाचटाच्या भुशाचा. ऑपरेटर दिवसातून दोन वेळा जाळी झाडत असेल तर निम्मे बिघाड होणार नाहीत असे आम्ही छातीठोक सांगतो. हवेने झाडायची ती आतून बाहेर. बाहेरून आत मारलेली हवा भुसा पत्र्यांच्या फटीत ठासून बसवते. साचलेले पाचट हे आगीचेही घर आहे. सायलेन्सरजवळच्या पाचटाने पेट घेऊन यंत्रे जळाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. बाग-ट्रॅक्टरचेही असेच असते म्हणतात. तिथे इंजिनापासून पंपापर्यंत पट्टा असतो, तो घसरला की चाल पडते. आणि पंपावरच्या पंख्यात गवत भरले की तेल तापून चाल पडते. लोक पंप बदलतात, दोष पट्ट्यात आणि गवतात. आपल्या यंत्राला पट्ट्याच्या जागी गिअर पेटी असते, पण गवताच्या जागी पाचट आहेच.

तेल नुसते बघूनही पुष्कळ कळते. काचेच्या ग्लासात थोडे काढून उजेडात धरा. दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. यंत्र धुताना पाण्याची जोराची धार टाकीच्या झाकणावर मारण्याची सवय काही ठिकाणी आहे. वर फेस असेल तर हवा. काळे पडून करपल्याचा वास येत असेल तर ते तेल तापून मेले आहे, त्यात नवे तेल ओतून ते जिवंत होत नाही. आणि ओतण्याविषयी बोलायचेच तर, तेल ओतायची आपली तऱ्हा हा एक स्वतंत्र विषय आहे. उघडा बॅरल, त्यात बुडवलेला डिझेलचा डबा, धुळीने माखलेले नरसाळे. पंपाच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जो कण डोळ्यांना दिसतही नाही तो त्या फटीत जाऊन घासतो. फिल्टर आहे ना, असे मालक म्हणतात. फिल्टर आहे, पण तो चोंदला की चार्ज पंप उपाशी राहतो, आणि पुन्हा चाल बिघडते. फिल्टर पुस्तकात दिलेल्या तासांना बदलावा, आणि तो कापून त्यात पिवळी-पांढरी चमक दिसते का ते पाहावे. चमक दिसली तर आत काहीतरी झिजते आहे. तेव्हा मात्र मिस्त्रीला बोलवायला उशीर करू नये. ठरलेल्या नंबरचेच तेल वापरावे. दुकानात ४६ नव्हते म्हणून ३२ घातले, त्यावर ट्रॅक्टरच्या लिफ्टचे उरलेले ओतले, असली खिचडी आम्ही पाहिली आहे.

चौथा प्रश्न: पुढे जाताना त्रास होतो की मागे येतानाही? दोन्हीकडे सारखा असेल तर तेल, फिल्टर, चार्ज पंप. एकाच दिशेला असेल तर त्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह संशयित. पुढचा आणि मागचा व्हॉल्व्ह एकाच जातीचे असतील तर जाणता फिटर त्यांची अदलाबदल करतो. दोष पुढून मागे गेला की चोर सापडला, आणि पंप उघडायची गरजही उरली नाही. तसेच ज्या यंत्रांत डाव्या आणि उजव्या बाजूला स्वतंत्र पंप आहेत तिथे यंत्र एका अंगाला ओढत असेल, तर त्याच अंगाला शोधावे. लिव्हरपासून पंपापर्यंतचे सांधे, पिना, केबल यांत ढिलाई असेल तर लिव्हर स्थिर असूनही तबकडी हलत राहते. नव्या यंत्रांत तिथे तारा आणि सेन्सर आहेत. पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या यंत्राच्या तारा उंदरांनी कुरतडल्या की दिवाळीनंतर यंत्र भुताने झपाटल्यासारखे वागते. पडद्यावर आलेला बिघाडाचा नंबर पुसण्याआधी लिहून घ्यावा, एवढे तरी ऑपरेटरला शिकवले पाहिजे.

एवढे सगळे पाहून झाल्यावर मग दाबाचे घड्याळ लावायचे. चार्ज पंपाचा दाब यंत्र गरम असताना आणि बिघाड चालू असताना मोजावा. गार यंत्राचा आकडा फसवतो. मग पंपाच्या आणि मोटरच्या पोटातून टाकीकडे परत जाणारे तेल मिनिटाला किती येते ते मोजतात. ते पुस्तकातल्या आकड्यापेक्षा फार जास्त असेल, तर पंप किंवा मोटर खरोखर झिजली आहे, आणि त्या दिवशी खर्चाला पर्याय नाही. हे काम शिकलेल्या माणसाचे आहे, ते फडात घाईने करू नये.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी इथेच सांगतो. पाईप कुठे फुटला हे बघायला हात फिरवू नका. शेकडो बारच्या दाबाची बारीक चीर तेलाची सुई करून कातडीत घालते; वरून टाचणीएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आतून बोट सडते. तसे झालेच तर त्याच तासात मोठ्या दवाखान्यात जाऊन, "दाबाचं तेल आत गेलंय" असे स्पष्ट सांगावे. गळती शोधायला पुठ्ठा पुढे धरावा, तोही लांबून. दुसरे, बंद पडलेले यंत्र दोरखंड बांधून ट्रॅक्टरने ओढू नका. ओढताना चाकाची मोटर उलट पंप बनते, तिला तेल मिळत नाही, आणि दहा हजारांचे काम दोन लाखांवर जाते. ओढण्यापूर्वी काय सोडवायचे ते पुस्तकात दिलेले असते.

यंत्रमालक आम्हांला म्हणतात, "साहेब, तुमचं काय जातंय, आमचा टनाचा धंदा आहे. मशीन दोन तास उभं राहिलं की डिझेल निघत नाही." त्यांचे म्हणणे आम्ही टाकाऊ मानत नाही. त्यांना पैसे टनावर मिळतात, बुडख्यावर मिळत नाहीत. मग ते टनाकडेच बघणार. दोष त्यांच्या स्वभावात नसून आपल्या करारात आहे. आमचे मत विचाराल तर तोडणीच्या करारात चालीची अट असावी. हंगामाच्या सुरुवातीला आणि पुढे दर महिन्याला यंत्राची २० मीटरची परीक्षा गटाच्या शेतकी मदतनीसासमोर व्हावी, गार आणि गरम दोन्ही आकडे वहीत लागावेत, आणि आकडे फार फरकाचे आले तर दुरुस्ती होईपर्यंत त्या यंत्राला पुढची चिठ्ठी देऊ नये. उलट ज्या यंत्रामागे बुडखे जमिनीलगत आणि न चिरता राहतात, त्याला टनामागे थोडा जादा दर देण्याचा विचार संचालक मंडळाने करावा. शिक्षेपेक्षा याचा उपयोग जास्त होईल असे आम्हांला वाटते. दाबाची घड्याळे आणि ती लावता येणारा एक फिटर कारखान्याच्या वर्कशॉपने ठेवला, तर मालकांनाही शहराच्या मिस्त्रीची वाट पाहावी लागणार नाही. ऑपरेटर पोरांना दिवाळीआधी आठ दिवस बसवून शिकवावे. कोटीचे यंत्र ज्याच्या हाती देतो त्या पोराच्या शिकवणीला पैसा नाही म्हणणे आम्हांला पटत नाही.

काही सभासद म्हणतील, एवढी चिकित्सा करत बसलो तर ऊस फडातच वाळेल. ही भीती खरी आहे. मार्चच्या उन्हात उभ्या उसाचे वजन रोज घटते, हे आम्हीच तुम्हांला सांगत असतो. पण २० मीटर चालवायला पाच मिनिटे लागतात, जाळी झाडायला पंधरा. भर हंगामात पंप उतरला तर पाच-सहा दिवस सहज जातात. शिवाय यंत्राने तुकडे केलेला ऊस अख्ख्या मोळीपेक्षा लवकर आंबतो. अर्धी भरलेली ट्रॉली बिघडलेल्या यंत्राशेजारी रात्रभर उभी राहिली, तर सकाळी गव्हाणीत जे पडते त्यातून साखर कमी आणि मळीच जास्त निघते. म्हणजे बिघाडाची किंमत एकट्या फडवाल्याला नव्हे, उताऱ्यातून सगळ्यांना भरावी लागते.

खोडव्याला बेणे लागत नाही, नांगरट लागत नाही, लागणीची मजुरी लागत नाही. लागणीत घातलेला पैसा परत मिळतो तो बहुधा खोडव्यात. तो खोडवा यंत्र एका दुपारी बिघडवून जाते आणि आपण दोष जातीला देतो, खताला देतो, पाण्याला देतो. लागणीचा खर्च तर दरवर्षी वाढतोच आहे.

ज्या गटांत यंत्राची तोड चालू आहे तिथल्या सभासदांनी तोडीच्या दिवशी फडात स्वतः हजर राहावे. एका सरीत सलग १० मीटर बुडखे मोजून त्यांतले चिरलेले किती, उपटलेले किती, हे लिहून तोडणी चिठ्ठीच्या पाठीमागे टाचून चिटबॉयकडे द्यावे. शक्य तर यंत्राचे गार-गरम दोन आकडेही त्यावर घालावेत. असे कागद आमच्या ऑफिसात आले की यंत्रवार तक्ता तयार करून जानेवारीअखेर तो संचालक मंडळापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. कागदावर गट नंबर आणि तोडीची तारीख घालायला मात्र विसरू नये.